नऊ नंबर ते अकरा नंबर

"पहिली गोष्ट म्हणजे, नारळ फोडला न्हवता," आबा म्हणाले आणि खाली बसले.

आबा म्हणजे माझे वडील. ड्रॉइंग हॉलमध्ये जमलेल्या वीस-बावीस मोठ्या माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. चार सामन्यांत आमच्या शाळेच्या टीमला खेळता खेळता एकही गोल का मारता आला नाही, याचा शोध सुरू झाला होता आणि पहिल्या पाच मिनिटांत तो नारळापर्यंत पोचला होता. प्रगती चांगलीच म्हणायची.

एकोणनव्वद सालची गोष्ट. गाव कोल्हापूर. बाकीच्या गावांत पोरं मोठी होतात, मग एखादा खेळ शिकतात. आमच्याकडं पोरगं पाळण्यातनंच रेफ्रीला शिव्या घालायला लागतं. मी, भालचंद्र चिले, उदयप्रभा हायस्कूलच्या दहावीत होतो आणि टीमचा सेंटर फॉरवर्ड होतो, नऊ नंबरचा. म्हणजे ज्यानं गोल मारायचे असतात आणि ज्यानं मारले नव्हते, तो मीच.

पहिले तीन सामने शून्य-शून्य बरोबरीत सुटले होते आणि तिन्ही आम्ही टायब्रेकरवर काढले होते, ते निव्वळ आमच्या गोलकीपरच्या पुण्याईवर. चौथा, म्हणजे सेमीफायनल, आदल्या दिवशी रविवारी एक-शून्यनं घालवला. तोही कुणाकडून? जयसिंगपूरच्या एका शाळेकडून! हरणं एक वेळ चाललं असतं, पण जयसिंगपूरला फुटबॉल पोचलाय हेच आमच्या गल्लीत कुणाला मान्य नव्हतं. रविवारी संध्याकाळी आबांनी पिठाची गिरणी बंद ठेवली. गिऱ्हाइकांना तोंड दाखवायची सोय नव्हती.

आणि सोमवारी दुपारी तीनला ही बैठक. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पराभवाची कारणमीमांसा'. पण खरं काम एकच होतं आणि ते हॉलातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. खेळाचे शिक्षक रेडकर सर यांना कायम करायचं की घालवायचं, हे आज ठरणार होतं.

रेडकर सर सावंतवाडीचे. एक वर्षाच्या बोलीवर आलेले. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. लग्नाला सहा महिने झाले होते आणि बायको तिकडं सावंतवाडीला सासू-सासऱ्यांकडं होती. "ऑर्डर हातात पडली की मंडळींना घेऊन येतो," असं ते म्हणायचे. खोलीसुद्धा बघून ठेवली होती. त्या खोलीला पूर्वेकडं खिडकी आहे, हे त्यांनी मला किमान दोनदा सांगितलं होतं. मला कशाला? तर रोज पहाटे सहाला मैदानावर आम्ही दोघंच असायचो. ते माझा डावा पाय तयार करत होते. "मेल्या, डावा पाय देवाने तुला नुसता उभा राहायला दिलेला नाही," म्हणायचे. दोन महिने, एक दिवस खाडा नाही. त्या बदल्यात मी त्यांना काय दिलं, तेच सांगायला बसलोय.

तर बैठक. आम्हा पोरांना भिंतीकडेला उभं केलं होतं. मी दाराजवळच्या भिंतीला, आमचा लेफ्ट विंगर दिनकर इंगवले समोरच्या, खिडकीखालच्या भिंतीला. मधे सगळी विद्वान मंडळी खुर्च्यांवर.

आबा खाली बसले तसे दिनकरचे वडील, इंगवले तात्या, उठले. त्यांची लाँड्री होती.

"जर्सी नायलॉनची हाय," तात्या म्हणाले. "अंगाला वारंच लागत न्हाई. वारं लागलं न्हाई तर पोरगं पळंल कसं?"

आबा लगेच पुन्हा उभे. "वाऱ्यानं काय हुतंय? पोटात काय जातंय ते बघा. सकाळ-संध्याकाळ पाव! जुंधळ्याची भाकरी खाल्ल्याबिगर शॉटला जोर येत नसतोय."

एकाची लाँड्री, एकाची गिरणी. कारणं कुठनं येणार होती ते दिसतच होतं. हॉलात न्हावी असता तर पोरांचे केस वाढल्यानं गोल हुकले असते.

संस्कृतच्या सरांनी बारीक आवाजात मुद्दा मांडला की दक्षिणेकडच्या पोस्टात मारावं लागलं, ती दिशाच वाईट. हाफटाइमला बाजू बदलतात, हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. हेडसरांनी हजेरीपट काढला आणि फॉरवर्ड लाइनची गणिताच्या तासाची हजेरी वाचून दाखवली. मग संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब मुळीक यांनी घसा खाकरला, तसे सगळे सरसावून बसले.

"आमच्या काळात आम्ही अनवाणी खेळायचो," दादासाहेब म्हणाले. "पावसात बॉल भिजला की उचलवायचा नाही. तरी मी मारलेल्या गोलाची आठवण अजून लोक काढतात."

लोक कुठले काढतायत, ते स्वतःच काढायचे. दरवर्षी तो गोल थोडा थोडा लांबून बसत होता. यंदा तो सेंटर लाइनच्याही अलीकडनं बसला. सगळ्यांनी "वा" म्हटलं.

"प्रश्न असा आहे," दादासाहेब पुढं म्हणाले, "की आताच्या पोरांना हे शिकवतं कोण?"

झालं. नारळ, नायलॉन, पाव, दक्षिण दिशा, सगळं फिरून फिरून शेवटी एकाच खुर्चीपाशी आलं. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. खुर्चीत रेडकर सर मांडीवर वही घेऊन बसले होते.

ती वही आम्हा पोरांच्या चेष्टेचा विषय होती. बाकीचे कोच लाइनीवर उभं राहून बोंबलायचे. आमचे सर खाली बसून पेन्सिलीनं वहीत रेघा मारत असायचे. "सर मॅच बघत्यात का हजेरी घेत्यात?" असं मीच म्हणायचो आणि सगळे हसायचे.

"रेडकर, काही म्हणायचं असेल तर म्हणा," दादासाहेब घड्याळ बघत म्हणाले. "मग आम्हाला ठराव करायचाय."

सर उठले. फळ्याजवळ गेले. 'पराभवाची कारणमीमांसा' त्यांनी पुसली नाही, तिच्याखाली एक मोठा चौकोन आखला. वरती एक ते अकरा नंबर, बाजूला एक ते अकरा नंबर.

"चारही सामन्यांत कोणी कोणाला किती पास दिले, ते मी मोजलंय," सर म्हणाले. "दोन नंबरने सात नंबरला दिले अडतीस. सातने नऊला एकतीस. पाचने अकराला सत्तावीस." एकेक आकडा ते चौकोनात भरत गेले. "म्हणजे मुलं खेळतात. बॉल मागून पुढे येतो. सेंटर फॉरवर्डपर्यंत येतो, लेफ्ट विंगरपर्यंत पण येतो. दमसास आहे, पायात जोर आहे. पाव खाऊनसुद्धा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा नाही.

"आता इथे बघा. नऊ नंबर ते अकरा नंबर." सरांनी तिथं शून्य काढलं. "अकरा नंबर ते नऊ नंबर." तिथंही शून्य काढलं. "चार सामने. दोनशे चाळीस मिनिटं. दोघं एकमेकांपासून दहा पावलांवर खेळतात. साहेब, एवढं शून्य चुकून होत नाही. चुकून तरी एखादा पास जातोच."



नऊ नंबर मी. अकरा नंबर दिनकर. सरांना वाटलं होतं की त्यांनी मोठा शोध लावलाय. बिचारे सावंतवाडीचे! त्या हॉलात त्यांच्याखेरीज ही गोष्ट माहीत नसलेला एक माणूस नव्हता. मी कमान तालमीचा आणि दिनकर हौद तालमीचा. कोल्हापुरात पोराचं नाव पत्रिकेत नंतर येतं, तालमीत आधी. आदल्या वर्षी कमान आणि हौद या तालमींच्या फुटबॉल टीमची फायनल झाली होती. झाली म्हणजे अर्धी झाली. उरलेल्या अर्ध्या तासात दगड खेळले. आबांना डोक्यात चार टाके पडले, तात्यांचा हात महिनाभर गळ्यात होता. त्या दिवसापासून दोन गल्ल्यांचं जाणं-येणं बंद, लग्नाच्या पत्रिका बंद, बायकांचं हळदीकुंकू बंद. शाळेच्या टीममध्ये माझं नाव आलं तेव्हा आबांनी मला गिरणीत बोलावून घेतलं होतं. "शाळंकडनं खेळ, माझी ना न्हाई," म्हणाले. "पर त्या इंगवल्याच्या पोराला बॉल दिलास तर घरात पाय ठिवायचा न्हाई. काय?" मी मान हलवली होती. लाँड्रीतही त्या आठवड्यात असंच काहीतरी झालं असणार.

आणि हे सगळं माहीत असलेली माणसं गेला तासभर नारळावर बोलत होती.

"काल शेवटची दोन मिनिटं," सर सांगत होते. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चिलेकडे बॉल होता. दोन बॅक त्याच्या अंगावर. गोलकीपर त्याच्याच बाजूला सरकलेला. डावीकडे इंगवले एकटा, समोर रिकामी पोस्ट. 'भाल्या, सोड!' म्हणून तो ओरडला, मी लाइनीवरून ऐकलं. चिलेने मान वर करून बघितलं. आणि मग शॉट सरळ त्या दोन बॅकांच्या पायात मारला. मुलांचा दोष नाही, साहेब. त्यांना कोणीतरी तसं सांगितलंय. ते सांगणं थांबलं तर पुढच्या स्पर्धेत हीच टीम कप आणेल. मी लिहून देतो."

दादासाहेबांचं तोंड आंबट झालं. त्यांच्या संस्थेत दोन मेंबर कमानचे होते, दोन हौदचे, आणि दिवाळीनंतर निवडणूक होती.

"रेडकर," ते म्हणाले, "आमच्या शाळेत तालमींचं राजकारण चालतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"साहेब, मी फक्त मोजलंय."

"म्हंजे माझ्या पोरानं मुद्दाम मॅच घालवली?" आबा उभे राहिले. "काय बोलालाय काय तुम्ही, मास्तर?"

"आणि माझ्या पोरानं?" तात्याही उभे. "चिले बरोबर बोलत्यात. बाहेरनं यायचं आणि आमच्यात भांडणं लावायची? आमचं काय वाकडं हाय हो एकमेकांशी?"

वर्षभरात तात्यांनी आबांचं नाव घेतलं ते तेव्हा, आणि तेही 'चिले बरोबर बोलत्यात' म्हणून. आबांनी त्यांच्याकडं बघून मान तुकवली. दोन तालमींचा समेट व्हायला सरांसारखा माणूसच लागला म्हणायचा.

हेडसर मधे पडले. "दादासाहेब, पोरांनाच विचारू या. पोरं खोटं बोलत नाहीत."

"हां. विचारा," दादासाहेब म्हणाले. "पोरं म्हणाली तर आम्ही मान्य करू, रेडकर. नाही म्हणाली तर मात्र हा आरोप झाला. शिक्षकानं विद्यार्थ्यावर केलेला. समजलं?"

सरांनी मान हलवली. त्यांना कसलीच काळजी वाटली नाही, हे मला आजही आठवतं. माझ्याकडं बघून ते थोडं हसलेसुद्धा. रोज पहाटे सहाचा हिशोब होता आमचा, दिवस चुकवला नव्हता.

"चिले," त्यांनी विचारलं, "इंगवले मोकळा होता. तू त्याला पास का नाही दिलास?"

आता तुम्ही म्हणाल, बापाच्या भीतीनं पोरगं खोटं बोललं. मीही पुढं पुष्कळ वर्षं तसंच सांगत आलो. बायकोलाही तसंच सांगितलंय. पण ते खरं नाही. आबांची भीती होती, नाही कशाला म्हणू? पण आबा दोन थोबाडीत देऊन संध्याकाळी जेवायला बोलावणारा माणूस. अडचण वेगळीच होती. खरं बोलायचं म्हणजे दिनकर मोकळा होता, त्याला बॉल दिला असता तर त्यानं डोळे मिटून गोल मारला असता आणि सामना टायब्रेकरवर गेला असता, हे मला दिनकरसमोर आणि त्याच्या बापासमोर कबूल करावं लागणार होतं. भर सभेत. ते मला सरांच्या नोकरीपेक्षा, त्यांच्या बायकोपेक्षा आणि त्या खिडकीच्या खोलीपेक्षा जड वाटलं. पंधरा वर्षांचा होतो, पण एवढं वजन मला बरोबर करता आलं.

"सर, तो मला दिसला नाही," मी म्हणालो.

सरांचं हसू गेलं. "दिसला नाही? तू मान वर करून बघितलंस."

"ऊन होतं डोळ्यावर."

साडेपाचची मॅच होती आणि आभाळ भरून आलेलं होतं. ते हॉलातल्या प्रत्येकानं स्टेडियमवर बसून बघितलं होतं.

"इंगवले," सर समोरच्या भिंतीकडं वळले. आता त्यांचा आवाज बदलला होता. "तू त्याला हाक मारलीस. मारलीस ना?"

दिनकरनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मला उघडं पाडायची वर्षात एकदा मिळणारी संधी त्याला आयती मिळाली होती. सगळ्या स्टेडियमनं त्याची हाक ऐकली होती. सगळं कमान तालमीवर शेकलं असतं आणि हौद तालमीनं त्याला खांद्यावर घेतलं असतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्यांची मान अगदी थोडी, 'नाही' एवढं कळेल इतकीच हलली. आत्ताच तर ते आबांच्या बाजूनं बोलले होते.

"नाही सर," दिनकर म्हणाला. "मी हाक नाही मारली. मी लई मागं होतो. ऑफसाइडच्या भीतीनं थांबलो होतो."

काय सांगू तुम्हाला! मी ऊन म्हणालो आणि त्यानं ते पायावर झेलून, वळवून, बरोबर पुढं नेऊन ठेवलं. कुठं अडखळला नाही की चाचरला नाही. वर्षभर मैदानावर जे जमलं नव्हतं ते आम्ही दोघांनी भर हॉलात, सराव न करता करून दाखवलं.

"बघा," दादासाहेब सगळ्यांना म्हणाले.

रेडकर सरांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जमतं की रे तुम्हाला," ते म्हणाले.

बस, तेवढंच. त्यांनी फळा पुसला, अगदी कोपऱ्यापासून नीट पुसला, खडू खोक्यात ठेवला आणि हॉलाबाहेर गेले. ठराव दोन मिनिटांत झाला. सूचक तात्या, अनुमोदक आबा. नवीन शिक्षक शक्यतो स्थानिक असावा, अशी पुरवणी हेडसरांनी जोडली. मग चहा आला, भडंग आलं. आबा आणि तात्या एकाच बाकावर बसून जयसिंगपूरच्या मॅचमध्ये रेफ्रीनं कसं पक्षपाती काम केलं ते एकमेकांना सांगत होते. पण ते त्या दिवसापुरतंच. पुढच्या आठवड्यात गिरणीच्या दारातनं तात्या गेले तर आबा रस्त्यावर पचकन थुंकले.

सर शनिवारी दुपारच्या गाडीनं जाणार, असं शिपायाकडनं कळलं. मी आईला पुस्तक आणायला जातो म्हणालो आणि एस.टी. स्टँड गाठला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. खरं तर एकच वाक्य होतं, 'सर, मी खोटं बोललो.' वाटेत चार वेळा म्हणून बघितलं होतं. स्टँडवर शिरलो, तर सावंतवाडीची गाडी लागलेली, सर खिडकीशी बसलेले, पायाशी वळकटी. आणि गाडीच्या पलीकडं, रसवंतीच्या आडोशाला, दिनकर उभा.

त्यानंही मला बघितलं. दोघंही जागच्या जागी खिळलो. मी जाऊन सरांशी बोललो तर तो बघणार. तो गेला तर मी बघणार. दोघं मिळून गेलो असतो तर सरांना काय वाटलं असतं, याचा विचार मी आजपर्यंत किती वेळा केलाय, ते माझं मला ठाऊक. पण आधी पाऊल कुणी उचलायचं? मी त्याची वाट बघितली, त्यानं माझी बघितली. कमान तालीम, हौद तालीम, दोन्हींची शान राखायची होती ना!

कंडक्टरनं डबल बेल दिली. सरांनी खिडकीची काच सरकवली, बाहेर बघितलं की नाही देव जाणे, आणि गाडी फाटकातनं बाहेर पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायच्या आत मी मागं फिरलो. लाज वाटत होती मला, आणि ती अजून जात नाही. दिनकर पलीकडच्या फाटकानं गेला.

सोमवारी मधल्या सुट्टीत गोलकीपरनं सहज विचारलं, "काय रं, सरांना सोडायला कोण गेलतं का?"

"कोण न्हाई," मी म्हणालो.

मागच्या बाकावरनं दिनकर म्हणाला, "कोण न्हाई."